दोनाचे तीन

डिसेंबरमध्ये इथे इंग्लंडात, रेडिंगला, चार वाजताच दिवे लागतात. त्या दिवशी लेक शाळेतून आली तेव्हा बाहेर बारीक पाऊस होता, तिच्या ब्लेझरला ओल्या कापडाचा कुबट वास येत होता, आणि बूट न काढताच ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बूट घालून आत यायचे नाही, हा आमच्या घरातला जवळजवळ एकमेव कडक नियम असल्यामुळे काहीतरी बिनसले आहे हे कळायला वेळ लागला नाही. "बाबा, जानेवारीपासून मला मॅथ्सला सेट थ्रीमध्ये टाकलंय," ती म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत, त्याच दमात, "आणि प्लीज, आजोबांना सांगू नकोस." मग ती वळली, तिने बूट काढले, नेहमीपेक्षा नीट जोडून ठेवले, आणि तव्यावरून नुकतेच उतरवलेले थालीपीठ ताटलीत घेऊन ती वर आपल्या खोलीत निघून गेली.

बातमी तिने पहिल्या वाक्यात सांगितली होती. मला दिवसेंदिवस टोचत राहिले ते दुसरे वाक्य.

तसे पाहिले तर झाले काय होते? आठवीच्या वर्गाचे गणितापुरते पाच सेट, त्यांतल्या दुसऱ्यातून तिसऱ्यात. म्हणजे अगदी मधोमध. घरात कोणी आजारी पडले नव्हते, कोणाची नोकरी गेली नव्हती. परंतु बारा वर्षांच्या मुलीच्या दिवसाकडे तिच्या उंचीवरून पाहिले तर त्यातले बरेच काही हलले होते. दुसऱ्या सेटमध्ये तिच्या शेजारच्या खुर्चीवर तिची जिवाभावाची मैत्रीण बसत असे. ती आता तिथेच राहणार होती. शाळा सेटना आकडे न देता अक्षरांच्या आड लपवते, वेळापत्रकावर नुसती एक्स, वाय अशी काहीतरी खूण असते, आणि हेतू अर्थातच चांगला असतो की मुलांना वर-खाली वाटू नये. मुलांनी ती खूण पहिल्याच आठवड्यात फोडलेली असते. कोण कुठून कुठे गेले हे दुपारच्या जेवणाच्या रांगेत सर्वांना ठाऊक होते, आणि घरच्या ॲपवर नवे वेळापत्रक आले ते त्यानंतर दोन तासांनी.

त्या रात्री ती पाणी प्यायला म्हणून खाली आली आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून राहिली. मुलांची काळजी एका ठिकाणी उभी राहत नाही, ती पुढे पुढे चालत जाते, हे त्या पायरीवर मी ऐकले. सेट थ्रीमधली मुले फार दंगा करतात. तिथे एकदा गेले की परत वर येता येत नाही. मग अकरावीत फाउंडेशनचा पेपर देतात. मग ए लेव्हलला गणित मिळत नाही. मग, आणि इथे तिचा आवाज एकदम बारीक झाला, मग आपण इतक्या लांब इथे कशाला आलो. हा शेवटचा दुवा तिने कुठून उचलला असेल याचा मी विचार करत होतो. आम्ही दोघांनी तो तिच्यासमोर कधी उच्चारलेला नव्हता. पण स्थलांतरित घरांमध्ये काही वाक्ये न बोलताच भिंतींना लागलेली असतात; मुले ती वाचायला मराठीही शिकत नाहीत आणि इंग्रजीही, तरी ती त्यांना वाचता येतात.

अशा वेळी जिभेवर सर्वांत आधी येणारे वाक्य म्हणजे "अगं, काही फरक पडत नाही." ते मी गिळले, कारण ते खरे नव्हते आणि ते खरे नाही हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी, अकरावीच्या शेवटी, गणिताचा जीसीएसई, म्हणजे इथली शालान्त परीक्षा, दोन पातळ्यांवर होते. हायर पातळीवर ९ पर्यंत श्रेणी मिळू शकते. फाउंडेशनवर सगळे तीन पेपर निर्दोष सोडवले तरी हातात पडते ती ५. पुढे ए लेव्हलला, म्हणजे त्यानंतरच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला, गणित घ्यायचे तर बहुतेक कॉलेजे निदान ६ किंवा ७ मागतात. म्हणजे ज्या मुलाला फाउंडेशनला बसवले जाते त्याच्यासाठी एक दार परीक्षेच्या आधीच लागलेले असते, आणि पाचातला तिसरा सेट हा नेमका त्या दाराच्या उंबरठ्यावर असतो. तिची साखळी शेवटच्या दुव्यापर्यंत ओढलेली होती, पण पहिले दुवे काही कल्पनेतले नव्हते. मी तिला एवढेच म्हणालो की यातल्या कोणत्या गोष्टी आपल्याला आज माहीत आहेत आणि कोणत्या शाळेला विचाराव्या लागतील, ते उद्या कागदावर लिहू. ती म्हणाली, "उद्या नको. शनिवारी." मला ते आवडले. दुःखाला दोन दिवसांची मुदत मागायचा हक्क मुलांनाही असावा.

शनिवारपर्यंत माझे मन मात्र साताऱ्याला जाऊन आले.

आमच्या शाळेत सेट नव्हते, तुकड्या होत्या, आणि त्या एका विषयापुरत्या नव्हत्या. पाचवीच्या वार्षिक परीक्षेच्या गुणांवर सहावीची अ, ब, क, ड ठरत असे, आणि मग गणितापासून कवायतीपर्यंत तुम्ही त्या अक्षराचे होऊन जात असा. अ तुकडीला मुख्य इमारतीतला कोपऱ्यातला वर्ग, दोन्ही बाजूंनी खिडक्या, स्कॉलरशिपचा जादा तास. ड तुकडी पत्र्याच्या शेडमध्ये. पावसाळ्यात तिथे सरांचा आवाज ऐकू येत नसे आणि उन्हाळ्यात सरच येत नसत. मी अ मध्ये होतो. याचे श्रेय मी बरीच वर्षे स्वतःच्या बुद्धीला दिले, आणि त्यात माझे वडील त्याच गावात गणिताचे शिक्षक होते आणि मी पहाटे पाचला उठून त्यांच्यासमोर बसत असे, हा भाग हिशेबात धरला नाही. माझ्या बाकावरचा एक मुलगा सातवीत अ मधून ब मध्ये गेला. त्याच्या आईने त्या दिवशी शाळेच्या फाटकात केलेली रदबदली मला अजून आठवते: हेडमास्तरांसमोर पदर सावरत उभी असलेली ती बाई, आणि तिच्यामागे पाटीदप्तर छातीशी धरून जमिनीकडे पाहणारा तो. आम्ही अ तुकडीचे सगळे खिडकीतून बघत होतो. त्यानंतर तो आमच्याशी क्रिकेट खेळायला आला नाही. त्याला कोणी येऊ नको म्हटले नव्हते.

तेव्हा तिकडचे बरे की इकडचे, असा प्रश्न मला पडत नाही. इकडे निदान इंग्रजीचा सेट वेगळा, विज्ञानाचा वेगळा, आणि चित्रकलेला सगळे एकत्र असतात. माणूस अख्खा एका अक्षरात कोंबला जात नाही. पण मुलांची विभागणी केली की उरलेले काम मुलेच करतात, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

आजोबांचा या सगळ्याशी संबंध काय, हे मला उशिरा लक्षात आले. ज्या उन्हाळ्यात आई-बाबा इथे आले होते त्या उन्हाळ्यात आम्ही केंब्रिजला गेलो होतो. बाकी लोक किंग्ज कॉलेजच्या चॅपलसमोर फोटो काढत होते आणि आमचे बाबा शेजारच्या सिनेट हाउसच्या कुंपणापाशी, सुनेने घेऊन दिलेला रेनकोट घालून, हात मागे बांधून उभे होते. दापोलीजवळच्या मुर्डी गावचा मुलगा १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला आला, सीनियर रँग्लर झाला, तो मान मिळवणारा तो पहिला हिंदी माणूस, आणि त्याच्या नावाची यादी या इमारतीत वाचली गेली, हे त्यांनी नातीला तीन-तीनदा सांगितले. "पहिला आला, पहिला! आणि मग परत येऊन फर्ग्युसनमध्ये शिकवलं," असे म्हणताना त्यांचा आवाज जो चढला तो माझ्या दहावीच्या निकालालाही चढला नव्हता. मराठी घरांत रँग्लर परांजपे हे नाव असे पदवीसकटच घेतले जाते. रँग्लर म्हणजे त्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेला, हे ठाऊक नसलेली माणसेही ते तसेच घेतात. नातीने त्या दिवशी काय ऐकले असेल? आजोबांना पहिले आलेले लोक आवडतात. लहान मुलगी याहून वेगळा निष्कर्ष काढणे कठीण होते.

त्या गोष्टीला एक उत्तरार्ध आहे, तो मात्र आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. ज्या परीक्षेने आपल्याला रँग्लर परांजपे दिले, त्या परीक्षेतली क्रमवार यादी केंब्रिजने १९०९ नंतर बंद केली. त्यानंतर वर्ग जाहीर होत राहिले, पण वर्गाच्या आतला पहिला, दुसरा, सदतिसावा हा हिशेब उघड करणे थांबले. त्याआधीच्या काळात मुले क्रमांकासाठी खाजगी शिकवण्या लावत, ठरावीक नमुन्याची गणिते शक्य तितक्या वेगाने सोडवायचा सराव करत, आणि जी. एच. हार्डीसारखे गणिती, जे स्वतः १८९८ च्या यादीत चौथे होते, त्या सगळ्या पद्धतीवर चिडलेले होते, कारण तिथे गणितापेक्षा घोडदौडच जास्त शिकवली जात असे. १८९० मध्ये तर फिलिपा फॉसेट या मुलीने सर्वांत जास्त गुण मिळवले, पण मुलींना यादीत क्रमांकच नसल्यामुळे ती "सीनियर रँग्लरच्या वर" असे जाहीर करावे लागले. पदवी मात्र तिला मिळाली नाही, कारण केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदव्या द्यायला १९४८ उजाडले. आणि यादीच्या दुसऱ्या टोकाला, ऑनर्स मिळालेल्यांत जो शेवटचा असेल त्याला सोबती भर समारंभात भलामोठा लाकडी चमचा देत. शेवटचा चमचा १९०९ चा. यादी गेली, चमचाही गेला.

शनिवारी कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर मी हे सगळे लेकीला रंगवून सांगितले. फॉसेटची गोष्ट तिला आवडेल अशी माझी खात्री होती. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "पण बाबा, ती तर पहिलीच आली होती ना." धीर देण्यासाठी आपण मुलांना ज्या गोष्टी सांगतो त्यांतली माणसे शेवटी कुठेतरी पहिलीच आलेली असतात, ही माझी गफलत की गोष्टींचीच, कोण जाणे. तिला रस होता चमच्यात. चमचेवाला नापास झाला होता का, हा तिचा प्रश्न. नाही, मी म्हणालो, तो ऑनर्स मिळवूनच बाहेर पडत असे. त्याच्या खाली साधी पदवी घेणारे कितीतरी असत, त्यांची कोणी थट्टा करत नसे. "मग ते चमचा त्यालाच का देत?" याचे उत्तर द्यायच्या आधी तिने स्वतःच ते दिले: "कारण तो यादीत होता."

मग आम्ही कागदाकडे वळलो. तिने डाव्या बाजूला माहीत असलेल्या गोष्टी लिहिल्या आणि उजव्या बाजूला माहीत नसलेल्या. डावी बाजू लहान भरली. तिसऱ्या सेटमध्ये दंगा होतो हे तिला माहीत होते की तिने ऐकले होते? ते तिने खोडून उजवीकडे नेले. परत वर जाता येत नाही, हेही उजवीकडे गेले, कारण तिच्याच वर्गातला एक मुलगा मागच्या वर्षी चौथ्यातून तिसऱ्यात आला होता आणि हे तिला लिहिताना आठवले. फाउंडेशनचे काय, उजवीकडे. दोन बाजूंत विभागल्याने काळजी नाहीशी होते असे नाही, पण ती रात्री एकटी मोठी होते तेवढी कागदावर होत नाही.

दरम्यान मी माझ्यापुरते वाचत होतो, कारण आमच्यासारख्या बापाला काळजी वाटली की तो आधी वाचायला लागतो. मुलांना सेटमध्ये विभागल्याने एकंदरीत फारसा फायदा होत नाही आणि खालच्या सेटमधल्यांचा थोडा तोटाच होतो, असा या देशातल्या संशोधनाचा सर्वसाधारण कल आहे. कारणेही समजण्यासारखी आहेत: खालच्या सेटकडून शिक्षकांच्या अपेक्षा कमी असतात, अभ्यासक्रमाचा वेग कमी असतो, आणि गणित हाच विषय शिकलेले अनुभवी शिक्षक बहुतेक वेळा वरच्या सेटच्या वाट्याला येतात. त्याहून डोळ्यांत भरले ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इंग्लंडमधल्या माध्यमिक शाळांवरच्या एका अभ्यासातले आकडे. मुलांना मिळालेला गणिताचा सेट आणि प्राथमिक शाळेच्या शेवटी झालेल्या राष्ट्रीय परीक्षेतले त्यांचे गुण ताडून पाहिले, तेव्हा सुमारे ३१ टक्के मुले गुणांप्रमाणे जिथे असायला हवी होती तिथे नव्हती. आणि ही चूक सर्वांच्या वाट्याला सारखी आलेली नव्हती. असायला हवे त्यापेक्षा खालच्या सेटमध्ये पडण्याची शक्यता मुलग्यांच्या तुलनेत मुलींची सुमारे दीडपट होती. गोऱ्या मुलांच्या तुलनेत आशियाई मुलांची सुमारे १.७ पट, कृष्णवर्णीय मुलांची सुमारे २.४ पट.

ते वाचून माझे कान तापले. माझी लेक मुलगी आहे आणि आशियाई आहे. हे आकडे छापून घेऊन शाळेत जावे, टेबलावर ठेवावेत आणि आता बोला म्हणावे, असे चित्र मी मनात दोन-तीन रात्री रंगवले, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या चित्रात मला मजाही येत होती. परंतु ते आकडे हजारो मुलांचे आहेत. त्यावरून एका मुलीबद्दल काही सिद्ध होत नाही, फक्त विचारायला कारण मिळते. शिवाय माझ्या रागात तिची काळजी किती होती आणि अ तुकडीचा जुना माज किती होता, हे मला वेगळे करता येत नव्हते. साताऱ्याच्या त्या फाटकातली बाई मला या वेळी निराळी दिसू लागली. आम्ही खिडकीतून तिला हसलो होतो. तिच्याकडे आकडे नव्हते, संशोधन नव्हते. ती नुसती विचारायला आली होती, आणि विचारायची पद्धत तिला कोणी शिकवली नव्हती.

शेवटी मी पत्नीच्या सांगण्यावरून एक लहान ईमेल लिहिली. तिचा सल्ला असा की मुलीला परत वर घ्या असे लिहायचे नाही, ज्यांची उत्तरे हो-नाही किंवा तारखेत देता येतील असेच प्रश्न विचारायचे. दुसऱ्या आणि तिसऱ्या सेटचा अभ्यासक्रम एकच आहे का, पुढचा आढावा कधी आहे, कोणत्या धड्यांत गुण गेले, आणि उत्तरपत्रिका पाहायला मिळेल का. गणित विभागाच्या प्रमुख बाईंनी फोन केला तो संध्याकाळी, त्यांच्या मागे भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे त्याही स्वयंपाकघरातून बोलत असाव्यात. नववीच्या अखेरीपर्यंत दोन्ही सेट तेच धडे शिकतात, फक्त तिसऱ्यात वेळ जास्त घेतात. आढावा प्रत्येक मोठ्या चाचणीनंतर. कोणत्या पातळीचा पेपर द्यायचा ते दहावीच्या आधी ठरत नाही. हे त्यांनी न कंटाळता सांगितले. उत्तरपत्रिका त्यांनी दुसऱ्या दिवशी मुलीबरोबर पाठवली.

ती उत्तरपत्रिका मी अनेकदा पाहिली. शेवटची दोन पाने कोरी होती. लेक हळू काम करते. प्रश्न दोनदा वाचते, उत्तर तपासते, खोडते, परत तेच लिहिते. चौथीत असताना, २०२२ मध्ये, पाढ्यांची ती राष्ट्रीय परीक्षा सर्व शाळांना पहिल्यांदाच सक्तीची झाली, पडद्यावर पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद, त्यात तिला काही अडले नव्हते, कारण आजोबांनी व्हिडिओ कॉलवर तिचे पाढे तोंडपाठ करून घेतले होते. पण पाठ असलेले वेगाने म्हणणे वेगळे आणि न पाहिलेले वेगाने सोडवणे वेगळे. आणि कोरी पाने सोडली तरी मधल्या पानांवर अपूर्णांकांच्या भागाकाराची सगळी गणिते चुकलेली होती, तीही एकाच प्रकारे. म्हणजे सेट बदलणे पूर्ण अन्यायाचे होते असे मला म्हणता येईना, आणि ते पूर्ण न्यायाचे होते असेही म्हणता येईना.

भागाकाराबद्दल विचारले तेव्हा ती म्हणाली, "केएफसी करायचं असतं." हे मला नवीन होते. कीप, फ्लिप, चेंज, अशी ती युक्ती. इथली पुष्कळ मुले कोंबडीच्या दुकानाच्या नावाने ती लक्षात ठेवतात. एक अपूर्णांक तसाच ठेवायचा, एक उलटा करायचा, भागाकाराचा गुणाकार करायचा. कोणता ठेवायचा आणि कोणता उलटा करायचा ते ती विसरली होती, आणि विसरल्यावर शोधून काढायला तिच्याजवळ काहीच नव्हते, कारण तीन भागिले पाऊण म्हणजे काय विचारले आहे, हे त्या युक्तीत कुठेही सांगितलेले नाही.

आजोबांना मी सांगितले नाही. तिने नको म्हटले होते, आणि बारा वर्षांच्या मुलीचे गुपित हे गुपितच असते. पण नाताळच्या सुट्टीतल्या एका रविवारी कॉलवर त्यांनी नेहमीप्रमाणे "सध्या काय चाललंय गणितात?" विचारले आणि ती म्हणाली, "फ्रॅक्शन्सचा भागाकार." मग, बहुधा काहीतरी बोलायचे म्हणून, तिने तीन भागिले पाऊण हे गणित वहीतून कॅमेऱ्यासमोर धरले. आजोबांनी चष्मा वर केला. "यात करायचं काय आहे? पाऊणकी म्हण."

तिला पाऊणकी माहीत नव्हती. खरे तर मलाही ती अर्धवटच येते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे माझ्या पिढीपर्यंत पोहोचता पोहोचता विरले. बाबांनी ते त्यांच्या आजोबांकडून घेतले होते, बाजारात धान्य मोजायला उपयोगी पडत म्हणून. आता ते फोनच्या चौकटीत सरसावून बसले आणि हात हलवत म्हणू लागले: एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. "थांबा," ती म्हणाली. "चार पाऊण तीन?" मग तिने बोटे मोजली, वहीत तीन चौकोन काढले, प्रत्येकाचे चार भाग केले आणि तीन-तीन भागांचे गट रंगवले. चार गट झाले. "म्हणजे तीनात पाऊण चार वेळा बसतं. म्हणून उत्तर मोठं येतं!" भागाकार केल्यावर उत्तर मोठे कसे येते, हे कोडे तिने बरेच महिने, कोणाला न विचारता, मनात ठेवले होते. दुसऱ्या सेटमध्ये तो धडा एका आठवड्यात संपला होता.

त्याच भरात तिने सांगून टाकले. "आजोबा, मला सेट थ्रीमध्ये टाकलंय." पलीकडे क्षणभर काही आवाज नाही, मला वाटले इंटरनेट गेले. मग बाबा म्हणाले, "पेपर आहे का जवळ? दाखव." आणि पानामागून पान कॅमेऱ्यासमोर धरायला लावून त्यांनी प्रत्येक चुकीशी थांबून "इथे तू काय समजलीस?" विचारले. सेट म्हणजे काय, किती असतात, मैत्रिणी कुठे आहेत, यांतले त्यांनी काही विचारले नाही. लेकीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी पाहत होतो. अर्थात कॉल संपवताना ते म्हणालेच, "मेहनत कर, परत वर जाशील," आणि तिचे ओठ पुन्हा थोडे घट्ट झाले. माणूस शिक्षक म्हणून जे जाणतो ते आजोबा म्हणून विसरू शकतो. त्यानंतर त्यांचा उत्साह आवरेना. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर आखीव कागदावर निळ्या शाईने लिहिलेल्या गणितांचा फोटो येऊ लागला, खाली "शुभ सकाळ" आणि दोन फुले. शेवटी माझ्या आईने साताऱ्याला तिच्या भाषेत समजावले आणि गणिते रविवारपुरती आली.

तिसऱ्या सेटमध्ये ती आता रुळली आहे. दंगा होतो, पण दुसऱ्यातही होत असे, असे ती आता सांगते. तिथले तरुण सर एका प्रश्नावर अर्धा तास घालवतात आणि कोणी "पण असं का?" विचारले की खूश होतात. ती वर्गात हात वर करते, हे तिने मला सांगितले नाही, शाळेच्या अहवालात लिहून आले. परत वर जायचे आहे का, असे मी एकदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, "माहीत नाही. इथे मला कळतं." हे ऐकून मला हायसे वाटले आणि त्याच वेळी कुठेतरी रुतले. ही मुलगी शांत झाली आहे, की तिने आपली उंची ठरवून टाकली आहे? दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात, आणि तिच्या वहीतून यांतली खरी कोणती ते मला ओळखता येत नाही. तिच्या आईचे म्हणणे असे की अजून ते ठरायचे आहे आणि ठरवण्याची घाई फक्त मला आहे. ती बहुधा बरोबर असावी. पण फाउंडेशनवरची ती ५ ची मर्यादा माझ्या डोक्यातून जात नाही, आणि तिने जावे असेही मला वाटत नाही, कारण त्यावर कोणाचे तरी लक्ष असायला हवे.

मार्चमध्ये पेरेंट्स इव्हनिंग आहे. इथे पालकांबरोबर मुलेही बसतात आणि प्रत्येक शिक्षकाला पाच मिनिटे मिळतात. प्रश्न या वेळी तीच विचारणार आहे, मी फक्त शेजारी बसायचे आहे, असे तिने बजावले आहे. फोनमध्ये तिने तीन प्रश्न लिहून ठेवले आहेत. सेट थ्रीमधून हायरचा पेपर देता येतो का, आणि मागच्या वर्षी किती जणांनी दिला? वर जायचे असेल तर चाचणीत किती गुण लागतात? तिसरा प्रश्न असा आहे की वर गेले तर हेच सर शिकवतील का. प्रत्येक सेटला शिक्षक वेगळे असतात, हे मला ठाऊक आहे आणि बहुधा तिलाही. तरी तो तिने यादीतून काढलेला नाही.